मी न पाहिलेले दोन खेळ

"माज्याकडे बघ. थंयसर बघू नको," असं म्हणून तो टीव्हीच्या बाजूला पाय फाकवून उभा राहायचा आणि उजवा हात वर करायचा. थंयसर म्हणजे टीव्हीकडं. टीव्हीवर व्हिडिओ गेम लावलेला, रिमोट माझ्या हातात, आणि मी बघायचं त्याच्या हाताकडं. तुम्ही म्हणाल हे काय खूळ. खूळ नाही, शिस्त आहे.

आखाती लढाईनंतरची कुवेतमधली वर्षं. शुऐबा बंदरात मी क्रेन चालवायचो आणि हा मालवणकडचा गडी माझा सिग्नलवाला. जहाजाच्या पोटात काय चाललंय ते क्रेनच्या केबिनमधून दिसत नाही. सिग्नलवाला काठावर उभा राहून खाली बघतो, हातानं सांगतो, आणि ड्रायव्हरनं त्या हातावर चालायचं. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. हात आडवा केला की तिकडं फिरव. मूठ आवळली की थांब. मी चौथी नापास माणूस, पण ही भाषा मला कुणी शिकवायला नको.

मंगफ भागातल्या आमच्या खोलीत कुणीतरी जुन्या बाजारातून कॅसेटवाला गेम आणला. एक ठेंगू पळत सुटतो, खड्ड्यांवरून, फळ्यांवरून उड्या मारतो. मी पहिल्याच खड्ड्यात पडलो. पुन्हा पडलो.

"मेल्या, तू मालाकडे कशाक बघतस?" हा खाटेवरून उठला. "कामावर करतस तसा कर."

त्या दिवसापासून ठेंगू हा आमचा माल झाला. बोट फिरलं की मी अंगठ्यानं उडीचं बटण दाबायचो. खेकडा आडवा आला की हात खाली, म्हणजे उतर त्याच्या डोक्यावर. खोलीतले बाकीचे टीव्हीकडं बघत खेळायचे आणि मरायचे. आम्ही खेळ शेवटपर्यंत नेला. शेजारच्या खोल्यांतली माणसं यायची ती टीव्ही सोडून आम्हा दोघांना बघत बसायची.

ठेंगूचा शेवटचा जीव उरला की हा खुंटीवरचं हेल्मेट काढून डोक्यावर चढवायचा. लोक हसायचे. हा म्हणायचा, "माल वर असता तेवा डोका मोकळा ठेवचा नाय." मग मीही घालायला लागलो.

एका शुक्रवारी आमचा खेळ रंगात असताना टीव्हीतलं चित्र गेलं. आवाज चालू, पडदा काळा. मला कसं कळणार, मी हाताकडं बघत होतो. त्याचा हात थांबला नाही. अख्खा टप्पा पार झाल्यावर खोलीत आरडाओरडा झाला तेव्हा मी पहिल्यांदा मान वळवली. त्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन जिन्यातून फिरवलं. चित्र गेलेलं त्याला कधी कळलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

वर्षं गेली. बंदरावर पुण्याचे एक तरुण इंजिनिअर आले, मंगफमध्येच राहायचे. त्यांच्याकडं नवा गेम आला होता, मुद्दाम जुन्या धर्तीवर बनवलेला. तेच चौकोनी ढग, तेच खड्डे, तसलाच ठेंगू. साहेब म्हणाले, "काका, अगदी तुमच्या जुन्या खेळासारखा. पैजेवर सांगतो."

"सारखो आसा काय नाय, तां मी बघून सांगतलंय," हा म्हणाला. आठवडाभर खोलीत दुसरा विषय नव्हता. हा साहेबांकडं जाताना धुतलेला शर्ट घालून निघाला. बगलेत दोन्ही हेल्मेटं.

साहेबांच्या बायकोनं पोहे दिले. हा टीव्हीशेजारी उभा राहिला, मी सोफ्यावर. हात वर गेला. बोट फिरलं, मी बटण दाबलं, ठेंगू खड्ड्यात. पुन्हा तेच. हा एक पाऊल टीव्हीकडं सरकला. मग आणखी एक. शेवटी त्याचं नाक काचेला लागायचं बाकी राहिलं. आणि मग त्यानं डावा पंजा उजव्या हातासमोर धरला. त्या खुणेचा अर्थ हळू. इतक्या वर्षांत त्यानं ती खेळात कधी केली नव्हती.

"ह्यो खेळ खोटो," तो म्हणाला. "जमीन उशिरा येता."

साहेब हसले. "अहो, उलट उडी जास्त नेमकी आहे. काका, तुम्ही सांगा. जुना चांगला की हा?"

"मी दोन्ही पाहिलेले नाहीत," मी म्हणालो.

साहेबांच्या हातातला चमचा तसाच राहिला. "मग इतकी वर्षं खेळलात काय?"

"हात बघितलाय. जुन्याची सर याला नाही. पैज हरलात तुम्ही."

पोहे संपवून आम्ही खाली उतरलो. समोरच्या बकाल्याकडं, म्हणजे वाणसामानाच्या दुकानाकडं जाताना तो फुटपाथची कड संपली तरी चालतच राहिला. मी दंड धरला म्हणून पडला नाही.

"किती दिसतं रे?"

"तू दिसतस."

"टीव्ही?"

त्यानं पायानं फुटपाथची कड चाचपली.

"मग जुना खेळ कसा जमायचा?"

"तो पाठ आसा. जहाजय पाठ आसा."

"जहाज रोज नवं येतं, गड्या. खाली माणसं उभी असतात."

"माज्या हातावर कोणाक खरचटला काय आजपर्यंत?"

"नाही. म्हणूनच सांगतो. उद्यापासून तुझ्या हातावर मी काही उचलणार नाही."

त्यानं हेल्मेटं या बगलेतून त्या बगलेत घेतली. बकाल्यातून दोन थंड बाटल्या घेतल्या, एक माझ्या हातात दिली. सकाळी माझ्याआधी फोरमनकडं गेला आणि गावी जायचं म्हणाला. मला काही बोलावं लागलं नाही. खोलीत त्यानं कारण सांगितलं की खेळ बिघडले, आता इथं राहून करायचं काय. सगळे हसले. मी म्हणालो, बरोबर आहे त्याचं.

आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगतो. नवा खेळ जुन्याच्या पासंगालाही पुरत नाही. वाद घालायचा तर घाला.

विमानतळावर मी त्याला सरकत्या जिन्यापर्यंत सोडलं. पुढं मला जाता येत नव्हतं. पहिल्या पायरीवर पाय ठेवून तो माझ्याकडं वळला. मी त्याला दिसत होतो की नाही, माहीत नाही. डोक्यावर हेल्मेट, उजवा हात वर, बोट गोल फिरतंय. उचल.

जिना त्याला वर घेऊन गेला. मी मालाकडं बघितलं नाही. हाताकडं बघत राहिलो, आणि खिशात माझा अंगठा दाबलेलाच होता.