पायांचा पक्ष

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की इथली रविवारची सकाळ घरच्यांची नसते. ती बुवाची असते. बुवा म्हणजे जॅझ ऑर्गन वाजवणारा एक जगप्रसिद्ध माणूस. तो काही कधी आमच्याकडे आला नाही, येण्याचं कारणही नव्हतं. पण त्याच्या तबकड्यांनी कपड्यांचं अर्धं कपाट अडवलंय आणि आमच्या चादरी ट्रंकेत गेल्यात.

माझे सासरे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मी बाबा म्हणते. रविवारी कापायच्या टेबलावरची कातर, खडू, पट्टी बाजूला होते आणि तिथे रेकॉर्ड प्लेअर येतो. मग दोघं येतात. एक औषधवाले, कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे आणि बाबांशी शाळेपासूनची मैत्री. दुसऱ्या बाई, चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या, पण समोरच्याची चूक खोडायची सवय काही निवृत्त झाली नाही. तिघांचं बुवावर जिवापाड प्रेम, आणि बुवाबद्दल एका वाक्यावरही एकमत नाही.

औषधवाल्यांचं म्हणणं, बुवा खरा वाजला तो तरुणपणी. दोन साथीदार घेऊन बुवानं काढलेल्या त्या पहिल्या तबकड्या, धावत्या, घाम फुटलेल्या. पुढे नाव झालं आणि बुवा शिळा झाला. बाईंना स्टुडिओतलं काही चालत नाही. लोकांसमोर वाजवलेलं तेवढं खरं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज हवा, कोणीतरी मध्येच ओरडायला हवं. बाकी सगळा त्यांच्या मते पेंढा भरलेला वाघ. बाबा पूर्वी दोघांनाही हो म्हणायचे आणि चहा प्यायचे. मग बुवाची म्हातारपणची शेवटची तबकडी आली, आणि या गरीब माणसानंही स्वतःचा पक्ष काढला. पायांचा पक्ष.

ऑर्गनला हातांसाठी पट्ट्या असतात तशा खाली पायांसाठीही असतात आणि खर्ज पायानं वाजतो, एवढं या घरात राहून मला कळलंय. बाबा म्हणायचे, बुवा म्हणजे पायच, हात काय कोणीही चालवतं. जन्मभर पायानं मशीन चालवलेल्या माणसाला असंच वाटणार, म्हणून आम्ही हसून सोडून दिलं. पण त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला एक लांबलचक संथ तुकडा आहे, त्यावरून ते इरेला पेटायचे. म्हणायचे, यात बुवाचा उजवा हात गप्प आहे. जन्मभर बडबड केलेला हात मांडीवर ठेवून बुवा नुसत्या पायांवर चाललाय. इतकं गप्प बसता यायला आधी किती वाजवावं लागतं, कळतं का तुम्हाला?

औषधवाल्यांना तो तुकडा मुळीच आवडत नसे, आणि कारण तोच उजवा हात. वरच्या टोकाला, किनऱ्या सुरात, अखंड काहीतरी कुरतडत असतो म्हणायचे. दोघं एकाच तुकड्याबद्दल बोलत होते. पण भांडणात कोण कोणाचं म्हणणं नीट ऐकतं? औषधवाल्यांना वाटायचं, मास्तर अलंकारिक बोलतोय. बाबांना वाटायचं, हा मुद्दाम फाटे फोडतोय. मग औषधवाले विचारायचे, तुला कान आहेत का? बाबा म्हणायचे, तुझ्यापेक्षा बरे आहेत. संगीताच्या भांडणात ही शिवी इतकी रोजची, की ती खरी असेल अशी शंका कोणाला येणार?

घरात खुणा होत्या. गिऱ्हाइकं हल्ली पुटपुटतात, अशी बाबांची तक्रार. दाराची घंटा बिघडली, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. माझा आवाज म्हणे बारीक झाला होता. मला तर ऐकून बरंच वाटलं, माझ्या आवाजाबद्दल बरं बोलणारा या घरात तोवर कोणी निघाला नव्हता.

भांडण मात्र वाढत गेलं. एका रविवारी औषधवाले म्हणाले, पुन्हा तो तुकडा लावलास तर मी येणार नाही. बाबा म्हणाले, नको येऊस. म्हणाले खरं, पण त्या आठवड्यात एका कोटाची बाही त्यांनी उलटी लावली, उसवली आणि पुन्हा उलटी लावली. सासूबाई गेल्या तेव्हा रोज येऊन, काही न बोलता बाबांजवळ बसून राहणारा माणूस हाच. तो तुटला तर बाबांचं काय उरतं, हे मला दिसत होतं आणि माझं डोकं फिरत होतं. पिकल्या केसांची माणसं, आणि भांडण कशावरून, तर कधी न पाहिलेल्या माणसाच्या पायांवरून.

पुढच्या रविवारी औषधवाले आले. तोंड फुगवून, पण आले. बाबांनीही हट्टानं तोच तुकडा लावला. मी चहा घेऊन दारात उभी होते. बाबांनी डोळे मिटले, एक बोट वर केलं आणि हळूच म्हणाले, "आता ऐका. कसा गप्प बसलाय."

आणि नेमका तेव्हाच तो उजवा हात रंगात आला होता. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण मलासुद्धा तो लख्ख ऐकू येत होता.

औषधवाल्यांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मग औषधवाल्यांनीही बाबांचे मिटलेले डोळे पाहिले, वर धरलेलं बोट पाहिलं आणि तोंड मिटलं. बाबांनी डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं. वाद झाला असता तर ते खुशाल चहा प्यायले असते. कोणी वाद घालत नाही म्हटल्यावर ते घाबरले.

"काय रे," ते म्हणाले, "आज भांडत का नाहीस?"

एरवी ज्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, ते औषधवाले उठले आणि खुर्ची ओढून बाबांच्या अगदी जवळ बसले. "उजवा हात वाजतोय, रे. पहिल्यापासून वाजतोय."

बाबांनी तबकडी थांबवली नाही. ती संपेपर्यंत मान खाली घालून बसून राहिले.

कानाच्या डॉक्टरांकडे त्यांना औषधवालेच घेऊन गेले. वरचे, बारीक सूर ऐकू येईनासे झालेत, खर्ज शाबूत आहे, असं निदान झालं. कानातलं मशीन बसवून दोघं परत आले ते रस्त्यानं भांडतच. बाबांना फ्रीजचा आवाज ऐकू आला, नळाचा आला, मग माझा आला. म्हणाले, तुझा आवाज काही बारीक झालेला नाही गं.

मी त्या दोघांचे उपकार विसरणार नाही. सभ्य माणसं असती तर ज्याची त्याची आवड म्हणून गप्प राहिली असती, आणि बाबा हळूहळू एकटे पडले असते, कोणाच्या लक्षातही न येता. या दोघांनी दर रविवारी येऊन त्यांचा शब्द न् शब्द खोडून काढला, म्हणून कळलं. असे भांडखोर ज्याला मिळतात तो नशीबवान.

रविवारी मशीन लावून बाबांनी तो तुकडा ऐकला. शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "हात चांगला वाजवलाय. खरंच चांगला वाजवलाय." थोडं थांबून म्हणाले, "पण माझा तुकडा गेला."

गेली दोन वर्षं ज्याच्यासाठी ते सगळ्यांशी भांडले, तो तुकडा बुवानं कधी वाजवलाच नव्हता. तो आता कुठल्या दुकानात मिळणार? मला रडू आलं. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

औषधवाले मात्र उठले. खुंटीवरचा अर्धा शिवलेला कोट काढून त्यांनी स्पीकरवर टाकला आणि विचारलं, एवढं ऐकू यायचं का? बाबा आधी चिडले, गिऱ्हाइकाचा कोट होता तो. मग कान देऊन ऐकू लागले. मान हलवली, कोट उचलून ठेवला आणि स्वतः कपाटाकडे गेले. जाड लोकरी कापड आणलं, ते पुरेना. कोटाच्या आत घालतात ते कडक कॅनव्हास वर टाकलं, मग लोकरीची अजून एक घडी. दर वेळी तबकडीवरची सुई मागे नेऊन ऐकत होते, कापड सारखं करत होते, एखाद्याच्या खांद्यावर कोट बसवून पाहावा तसे. शेवटी म्हणाले, "हं. एवढं."

मग आम्ही सगळ्यांनी ऐकलं. हात जवळजवळ नाहीसा झाला होता. राहिले होते ते पाय. एक सूर खोल लागायचा, थांबायचा, इतका थांबायचा की आता पुढचा येतच नाही असं वाटायचं, आणि मग यायचा. म्हातारं माणूस अंधारात जिना उतरताना पुढची पायरी चाचपतं, तसा. मी इतकी वर्षं या संगीताला नावं ठेवली, पण त्या दिवशी हातातला चहा प्यायचा राहिला.

तुकडा संपला तरी औषधवाले गुडघ्यांवर कोपरं टेकून तसेच बसले होते.

"दोन वर्षं तू हे ऐकत होतास?"

"हो."

"आणि आम्हाला सांगत होतास."

"सांगत होतो की."

औषधवाल्यांनी बुवाबद्दलचं आपलं एक अक्षरही आजवर मागे घेतलेलं नाही, त्या दिवशीही घेतलं नाही. "परत लाव," ते म्हणाले. "आणि ते कापड काढू नकोस."