भैरवाची किळस

तिचा नवरा विमा कचेरीत बारा वर्षं एकाच खुर्चीत बसून होता. उठून काही करावं असं त्याला पहिल्यांदा वाटलं ते त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि त्याने तंत्राची दीक्षा घेतली. स्मशानात वगैरे नाही. हॉटेलच्या गारेगार सभागृहात, शनिवार-रविवारच्या शिबिरात. परत आला तो गळ्यात माळ आणि जिभेवर ‘शक्ती’ घेऊन.

ती तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर रक्ताच्या नळ्या, लघवीच्या बाटल्या आणि लोक मान वळवून काउंटरवर सरकवतात त्या झाकणाच्या डब्या. लॅबमधल्या बायकांनी नवऱ्याचं नाव ‘भैरव’ ठेवलं. ते इतकं चपखल बसलं, की तीही मनातल्या मनात त्याला तेच म्हणू लागली.

घरातली स्त्री म्हणजे साक्षात देवी, असं गुरूंनी भैरवाला सांगितलं होतं. तो रोज सकाळी साडेसहाला तिला स्टुलावर बसवायचा, पायांवर फूल ठेवायचा आणि डोळे मिटायचा. तिकडे दूध उतू जायचं.

“अहो, गॅस!”

“देवी बोलत नसते.”

देवी मग ओटा पुसायची, दोघांचे डबे भरायची आणि उशीर झाला म्हणून साहेबांची बोलणी खायची. देवीला भाजी चिरून द्यावी, असं काही शिबिरात शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर पुढच्या शिबिराला काळं कुत्रं फिरकलं नसतं.

“माणूस आठ पाशांनी बांधलेला असतो,” तो जेवताना सांगायचा. “लज्जा, भय, शंका... माझं सध्या घृणेवर चाललंय.” म्हणजे तो मोबाइलवर जळत्या चिता बघत भात कालवायचा.

मग सासरे न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सहा आठवडे अंथरूण. त्यांना घरी आणलं त्या पहिल्याच दिवशी भैरवाने रजा घेतली होती. ती चार वाजता घरी आली तर दारातच वास. भैरव गॅलरीत उदबत्ती लावून बसलेला.

“तुझीच वाट बघत होतो.”

“कधीपासून?”

“एक वाजल्यापासून.”

सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हातमोजे चढवले. “या इकडे. बाबांना कुशीवर धरा.”

तो आला, श्वास रोखून वाकला आणि तोंडावर हात धरून बेसिनकडे पळाला. ओकारीचे आवाज येत राहिले.

“त्याला नको बोलावूस,” सासरे पुटपुटले. “त्याचं तोंड बघून मलाच मेल्यासारखं होतं.”

रात्री भैरव म्हणाला, “तू तर सिद्धच आहेस. घृणा जिंकलीस.”

“काही जिंकलं नाही. मला वास येतो. वीस वर्षं येतोय. रुमाल बांधते आणि करते.”

तिने सुट्टी टाकली. सहा आठवडे सगळं तिनेच काढलं. सासरे काठी घेऊन चालू लागले आणि लेकीकडे राहायला गेले.

महिन्याभराने लॅबमध्ये काउंटरवरची नवी मुलगी तिच्याजवळ आली. भैरव आता दर गुरुवारी साधकांची बैठक घ्यायचा, तिथे ही मुलगी जाऊ लागली होती.

“ताई, काल तुमच्या मिस्टरांनी अनुभव सांगितला! वडिलांचं सगळं सहा आठवडे स्वतःच्या हातांनी केलं म्हणे. घृणेचा पाश तेव्हाच तुटला. आम्हाला तर रडूच आलं.”

ती नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. आधी तिला हसू फुटलं. मग तिने झालं ते सगळं सांगितलं, बेसिनसकट.

मुलगी कीव आल्यासारखी बघत राहिली. “घरच्यांना हे पचत नाही, असं ते म्हणालेच होते.”

आता भैरवाचं स्वतःचं शिबिर असतं, वर्षातून दोनदा, आणि आधी नाव नोंदवलं नाही तर जागा मिळत नाही. सासरे अजून लेकीकडेच आहेत. मुलगा न्यायला गेला की ते विचारतात, “सुनेला सुट्टी कधी आहे?”