पोच घेणाऱ्या सिस्टर

मुळात त्या सिस्टर नाहीत. डायलिसिसचं यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ आहेत, आणि पहिली दोन वर्षं त्यांनी हे आम्हा सगळ्यांना सांगून पाहिलं. आम्ही समजल्यासारखी मान डोलवायचो आणि पुढच्याच मिनिटाला म्हणायचो, "सिस्टर, जरा पंखा कमी करता का?" शेवटी त्यांनीच नाद सोडला.

बाजाराच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर आमचं केंद्र होतं. सहा यंत्रं, सहा खुर्च्या आणि आम्ही तेवीस जण. आमची मूत्रपिंडं कायमची संपावर गेलेली, त्यामुळे आठवड्यातून तीनदा चार-चार तास तिथे बसून रक्त यंत्रातून गाळून घ्यायचं. एक वेळ चुकली तर अंगात पाणी साचतं. दोन चुकल्या तर जिवावर बेततं.

मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा धंदा आणि, ताईच्या मते, स्वभावही. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. मी सदुसष्ट वर्षांचा झालो तरी ती मला 'धाकट्या' म्हणते.

सिस्टरांचं आणि माझं सुरुवातीला अजिबात जमलं नाही. एक तर त्या वजनावरून सगळ्यांदेखत रागवायच्या. दोन डायलिसिसच्या मधे वजन दीड-दोन किलोच्या वर वाढलं की समजायचं, गडी पाणी ढोसून आला. शिवाय त्यांना नको तितक्या चौकशा. कुठल्या रस्त्यानं येता? खाली कोण राहतं? दूध कोण टाकतं? कोपऱ्यावर दुकान कसलं? एकदा मी वैतागून तक्रारवहीत लिहिलं, 'कर्मचारी रुग्णांच्या अनावश्यक चौकश्या करतात.' दुसऱ्या दिवशी वही हातात घेऊन त्या माझ्या खुर्चीपाशी आल्या.

"काका, हे 'चौकश्या' बरोबर की 'चौकशा'?"

चाळीस वर्षांची नोकरी एका शब्दात धुळीला मिळाली. पलीकडच्या खुर्चीतले निवृत्त इंजिनचालक इतके हसले की त्यांचं यंत्र वाजायला लागलं.

या आजाराबद्दल मी इमारतीत कुणाला काही बोललो नव्हतो. छापखान्यात आठवड्यातून तीन दिवस कामाला जातो असं सांगायचो, आणि सुयांच्या खुणा दिसू नयेत म्हणून भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे शर्ट घालायचो. लोकांनी कीव करावी हे मला सोसवत नाही.

त्या वर्षी वादळ आलं ते रविवारी संध्याकाळी, आणि सोमवारी दुपारपर्यंत ते गावाला झोडपत राहिलं. झाडं पडली, विजेचे खांब वाकले, टेकडीवरचा मोबाइलचा मनोरा आडवा झाला. वीज नाही, फोन नाही. आमच्या भागाला गावाशी जोडणारा नाल्यावरचा पूल वाहतुकीला बंद केला.

पुढचं मला नंतर कळलं. थोडं सिस्टरांकडून, थोडं इतरांकडून.

सोमवारी पाऊस थांबल्याबरोबर त्या गुडघाभर पाण्यातून केंद्रावर पोचल्या. यंत्रं उंचावर असल्यानं वाचली होती, पण पाणी शुद्ध करणारा संच चिखलानं भरला होता, आणि त्याच्याशिवाय यंत्रांचा काही उपयोग नाही. आमच्या पत्त्यांची वही खालच्या फळीवर होती. तिचा लगदा झाला होता.

त्यांनी दाराला कुलूप घातलं, दारावर सूचना चिकटवली आणि दीड तास चालत गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात गेल्या. तिथे जनरेटर होता. तिथल्या मुख्य डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीन यंत्रं देतो. माणशी दोन तास, त्याच्या वर नाही. डिझेल मोजून वापरतोय. पण तुमच्या लोकांना कळवणार कसं? फोन सगळे मेलेत."

"कळवते," सिस्टर म्हणाल्या.

तिथेच एका बाकावर बसून त्यांनी जुन्या कागदांच्या पाठीवर तेवीस चिठ्ठ्या लिहिल्या. वरच्या अर्ध्या भागात कुठे यायचं, कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि तोपर्यंत पाणी दिवसाला दोनच पेले, आणि अंगात क्षार साचतात म्हणून फळांना हात लावायचा नाही. खालच्या अर्ध्या भागात तीन ओळी: निरोप मिळाला. धाप लागते का? पाय सुजलेत का? तो भाग उत्तरं लिहून, सही करून, फाडून आणणाऱ्याच्याच हाती परत द्यायचा.

ही परतीच्या चिठ्ठीची सवय त्यांच्या घरातली. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. घरचा निरोप एका चालकाकडून दुसऱ्याकडे जात त्यांच्यापर्यंत पोचायचा. सिस्टरांची आई अत्यवस्थ झाली तेव्हाही असाच निरोप गेला, पण मधे कुणीतरी विसरलं. वडील आठ दिवसांनी हसत हसत घरी आले, तेव्हा सगळं आटोपलं होतं. सिस्टर तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. "निरोप पाठवला म्हणजे काम झालं असं मला तेव्हापासून वाटतच नाही," त्या मला म्हणाल्या. "पोच आल्याशिवाय मी धरत नाही."

मंगळवारी उजाडताच त्या दूध केंद्राच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. फोन बंद असले तरी दूध निघणार, ब्रेड निघणार, गॅसची टाकी निघणार, हे त्यांनी ओळखलं होतं. कुणाकडे कुठला दूधवाला येतो, कुणाच्या घराखाली किराणा आहे, हे त्यांना पाठ होतं. त्या चौकशांचा उपयोग हा असा झाला.

पहिला गाडीवाला कुरकुरला. "बाई, आम्हालाच आज श्वास घ्यायला फुरसत नाही. पोस्टमनची कामं कुठे गळ्यात मारता?"

सिस्टरांनी चिठ्ठी पुढे धरली. "या आजींच्या दारात तुम्ही रोज अर्धा लिटर ठेवता. ही चिठ्ठी त्यांना मिळाली नाही, तर पुढच्या आठवड्यात तिथे दूध लागणार नाही."

त्यानं चिठ्ठी घेतली, घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि मग स्वतःच विचारलं, "त्या भागातल्या आणखी आहेत का?"

दुपारपासून पोच यायला लागल्या. कुणी पेन्सिलीनं लिहिलेली, कुणी भिजलेली, एकीवर नातीनं काढलेलं फूल. इंजिनचालकांनी 'धाप लागते' लिहिलं होतं, तर त्यांना दुसऱ्या दिवसाऐवजी त्याच संध्याकाळी उचलून आणलं. बुधवार संपेपर्यंत एकवीस पोच हातात होत्या. राहिल्या दोन. एक शिवणवर्ग चालवणाऱ्या मावशींची. त्यांच्या दाराला कुलूप होतं आणि शेजारीही जागेवर नव्हते. दुसरी माझी. आमच्या भागात विचारून द्यायला म्हणून ब्रेडच्या गाडीवाल्याकडे दिलेली ती त्यानं जशीच्या तशी परत आणून दिली होती. त्याला पुलावरून परत फिरवलं होतं.

मलाही पुलानंच अडवलं होतं. मंगळवारी सकाळी पिशवी घेऊन निघालो, पण बंदोबस्ताच्या हवालदारानं पलीकडे जाऊ दिलं नाही. एकच शब्द बोलायला हवा होता, 'डायलिसिस'. पण मागे आमच्याच इमारतीतले दोघं उभे होते. मी तोंड मिटून परत फिरलो. इतका मूर्खपणा मी आयुष्यात केला नसेल.

बुधवारी पाय खांबासारखे झाले. आडवं पडलं की बुडाल्यासारखं वाटायचं, म्हणून खुर्चीत बसूनच राहिलो. ताई औषधाच्या इवल्याशा पेल्यानं पाणी मोजून द्यायची. तिला ऐकू जरा कमी येतं, पण माझा श्वास तिला बरोबर ऐकू येत होता.

"खाली सांगू का कुणाला?"

"नको."

"नको काय नको? जीव गेल्यावर काय पत्रिका छापून सांगायचं?"

"उद्या पूल उघडेल," मी म्हणालो. एवढं वाक्य बोलायला मला मधे दोनदा थांबावं लागलं.

गुरुवारी अकराच्या सुमारास खालून भोंग्याचा आवाज आला. पाण्याचा टँकर आला होता. तीन दिवस नळ कोरडे होते, त्यामुळे सगळी गल्ली बादल्या घेऊन धावली. आणि मग भोंग्यातून एक घोगरा, बसलेला, पण ओळखीचा आवाज आला.

"छापखान्यातले काका इथे कुठे राहतात? मुद्रितं तपासणारे. तिसरा मजला. बहिणीबरोबर राहतात. काका, घरी असाल तर खिडकीत या!"

मला उठता येईना. ताईनं काय ऐकलं कुणास ठाऊक, पण तिनं खिडकी उघडली.

"त्यांना डायलिसिस लागतं," आवाज म्हणाला. "पाच दिवस झालेत. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा!"

ताईनं खिडकीतून दोन्ही हात हलवले. "इथे! धाकटा इथे आहे!"

सिस्टरांना माझा पत्ता धड आठवत नव्हता. एवढंच आठवलं होतं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'अचुक वजनकाटे' अशी पाटी आहे आणि ती बघून मी रोज चिडतो, कारण 'अचूक'मधला 'चू' दीर्घ हवा. पुलावरून फक्त पाण्याचे टँकर सोडत होते. म्हणून रुग्णालयातल्या तंत्रज्ञाच्या हाती यंत्रं सोपवून त्या टँकरच्या चालकाशेजारी जाऊन बसल्या होत्या आणि गल्लीगल्लीत ती पाटी शोधत होत्या.

जिन्यात पावलं वाजली. सगळ्यांत पुढे दुसऱ्या मजल्यावरचा फरशी बसवणारा. आमची कधी नमस्कारापलीकडे ओळख गेली नव्हती. त्यानं मला पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "काका, खुर्ची घट्ट धरा." त्यानं आणि त्याच्या भावानं मला खुर्चीसकट उचललं. वळणावर खुर्चीचा पाय भिंतीला घासला तर तोच मला म्हणाला, "सॉरी हं." तिघांत मीच एकटा काही काम करत नव्हतो, आणि सॉरी मला!

खाली टँकरभोवती चाळीसेक माणसं बादल्या, पिंपं, पातेली घेऊन उभी होती. चालक अडचणीत पडला. एवढ्या लोकांना पाणी वाटायचं म्हणजे पाऊण तास. तळमजल्यावर ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बाई रांगेत पहिल्या होत्या. कडेवर लहान मूल, दोन्ही बादल्या रिकाम्या. त्यांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं आणि मग चालकाला म्हणाल्या, "आधी यांना पोचवा. आम्ही थांबतो."

"परत यायला दीड तास लागेल, ताई."

"लागू दे. तीन दिवस थांबलोय, आणखी दीड तासानं काय होतंय?"

कुणीतरी पिंप बाजूला सरकवून टँकरला वाट करून दिली. मी केबिनच्या काचेतून त्या सगळ्यांकडे बघत होतो. रडण्याइतकाही श्वास माझ्याकडे नव्हता.

रुग्णालयात वजन केलं तेव्हा सहा किलो जास्त भरलं. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. सिस्टरांनी आकडा लिहिला, माझ्या दंडावर हात ठेवला आणि सुया लावायला घेतल्या. पहिल्या अर्ध्या तासात छातीवरचा दगड हलल्यासारखा वाटला. तासाभरानं मला सलग एक अख्खं वाक्य बोलता आलं.

"सिस्टर, तुमच्या आवाजाला काय झालं?"

"सात गल्ल्या ओरडत आले." त्या स्टुलावर टेकल्या. "काका, एक बोलायचं होतं. तुम्हाला इमारतीत कुणाला कळू द्यायचं नव्हतं, मला माहीत होतं. मी सगळं भोंग्यावर सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही. माफ करा."

या बाईनं माझा जीव वाचवला होता आणि वर माफी मागत होती. हात यंत्राला जोडलेला, त्यामुळे धड नमस्कारही करता येईना.

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणालो. "मला मेल्यावरसुद्धा सांगायला जमलं नसतं."

त्या हसल्या, आणि आवाज नसल्यामुळे ते हसू नुसतंच दिसलं.

माझी पोच त्यांनी तिथेच सही करून घेतली. नुसती सही नाही, चांगली तारीख-वेळ घालून घेतली. मावशींचा पत्ता मात्र फोन सुरू होईपर्यंत लागला नाही. नवव्या दिवशी मनोरा उभा राहिला, रुग्णालयातले सगळे फोन एकदम किणकिणायला लागले, आणि त्या गोंधळात सिस्टरांनी मावशींचा नंबर लावला. मावशी वादळाच्या आदल्या दिवशीच लेकीकडे दुसऱ्या गावी गेल्या होत्या. तिथे त्यांचं डायलिसिस वेळच्या वेळी चालू होतं आणि त्या आमच्याच काळजीनं अर्ध्या झाल्या होत्या. सिस्टरांनी फोन ठेवला आणि मावशींच्या चिठ्ठीवर स्वतःच 'पोच मिळाली' असं लिहिलं. तेवीसच्या तेवीस जण शाबूत होतो.

केंद्र दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झालं, आता पहिल्या मजल्यावर. नव्या पत्त्यांच्या वहीचं काम सिस्टरांनी माझ्याकडे दिलंय. प्रत्येकाचं नाव, खाली कोण राहतं, दूध कोण टाकतं, फोन बंद पडले तर कुणाच्या हाती निरोप द्यायचा. मी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला हे सगळं खोदून खोदून विचारतो, आणि कुणी वैतागलं तर समजावून सांगतो.

मंगळवारी फरशीवाला मला त्याच्या स्कूटरवरून केंद्रावर सोडतो. गुरुवारी त्याचा भाऊ. शनिवारी पार्लरवाल्या बाईंच्या नवऱ्याला सुट्टी असते, तो येतो. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "अहो, रिक्षानं जाईन, कशाला त्रास?" तर फरशीवाला किल्ली फिरवत म्हणाला, "काका, बसा गुपचूप." मी बसलो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, आणि सकाळची हवा दंडाला लागत होती.