आईच्या पुस्तकातलं लोण्याचं पान

माझ्याआधी आईला दोन मुलं झाली होती. पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला, त्याच्यानंतरची मुलगी तीन वर्षांची होऊन. दोघंही रत्नागिरीकडच्या आमच्या गावी वारली. कशाने, ते आईला धड सांगता यायचं नाही. "सुकत गेली," एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची.

सत्तेचाळीसच्या आसपास वडिलांना अंबरनाथला कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तिघं चाळीतल्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी तेव्हा सात वर्षांची होते. चाळीतल्या एक शिक्षिका दुपारी बायकांना लिहा-वाचायला शिकवायच्या. आई त्यात जाऊ लागली. वर्षभरात तिला अक्षरं जुळवता यायला लागली, तेव्हा वडिलांनी जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी रद्दीवाल्याकडून तिला एक पुस्तक आणून दिलं. त्याची पहिली पानं गळालेली होती, म्हणून त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. मुलांना काय खायला घालावं, याचं ते पुस्तक होतं. दूध, लोणी, डाळी, पालेभाज्या, एकेकावर पान-दोन पानं.

आईच्या आयुष्यातलं ते एकमेव पुस्तक. जेवणं आटोपली की ती उंबऱ्यात बसून ओळीवर बोट ठेवून वाचायची. लोण्याचं पान तिने इतक्यांदा वाचलं होतं की पुस्तक हातात घेतलं की तिथेच उघडायचं. ताजं लोणी अशक्त मुलाला बळ देतं, अंगावर मांस धरतं, असं त्यात होतं. किती द्यावं तेही होतं, पण ते माप आईने कधी मानलं नाही.

पालेगावचा गवळी म्हशीचं दूध घालायचा. आई ते विरजायची, सकाळी घुसळायची आणि निघालेला गोळा बहुतेक सगळा माझ्या ताटात. तांदळाच्या भाकरीवर, गुळाबरोबर, नुसताच. "खा गो बाय," म्हणायची आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहायची. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू? ओठांवर लोणी लागलेलं असायचं आणि आई मला बघून हसायची. तिचं हसू फारसं दिसायचं नाही, म्हणून मी आणखी मागायचे.

चौदाव्या वर्षापर्यंत मी वर्गातल्या कुठल्याही मुलीच्या दुप्पट झाले होते. शाळेत मला 'पिंप' म्हणायचे. बाकावर मी बसले की शेजारची मुलगी मुद्दाम उसळल्यासारखं करायची आणि मागचा बाक हसायचा. खेळाच्या तासाला मला धावायला लावून बाकीच्या जमीन हादरल्याचा आव आणायच्या. यात पुढे असायची आमच्या वर्गाची मॉनिटर. हुशार, गाणारी, सगळ्या बाईंची लाडकी. तिने माझ्याशी एकदा नीट बोलावं म्हणून मी तिचा भूगोलाचा नकाशा काढून दिला होता. तिने तो घेतला आणि बाईंना म्हणाली, "बाई, पिंपाने पृथ्वी काढलीय, स्वतःला बघून." बाईसुद्धा हसल्या.

घरी मी यातलं काही सांगितलं नाही. सांगणार काय?

त्या वर्षी चित्रकलेच्या परीक्षेला आम्हा दहाबारा मुलींना कल्याणला नेलं होतं. परतीची गाडी यायची होती. फलाटावर वजनाचं लाल यंत्र होतं, वर उभं राहून आणा टाकला की जाड कागदाचं तिकीट पडायचं. मॉनिटरने वर्गणी काढून आणा जमवला. दोघींनी माझे दंड धरले, तिसरीने पाठीमागून ढकललं. मी ओरडले नाही. आजूबाजूची माणसं बघत होती आणि ओरडले असते तर आणखी बघितली असती. तिकीट पडलं. मॉनिटरने आकडा मोठ्याने वाचला. एक हमालही हसला. तो आकडा मी आजही कुणाला सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी ते तिकीट वर्गातल्या फळ्यावर चिकटवलेलं होतं. बाईंनी ते काढलं आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "अगं, जरा कमी खात जा ना."

मधल्या सुट्टीतच मी घरी आले. आईने विचारलं, "लवकर कशी आलीस गो?" मी दप्तर टाकून भिंतीशी बसले. तिला वाटलं मला भूक लागलीय. तिने भाकरी वाढली, तिच्यावर लोणी ठेवलं आणि नेहमीसारखी समोर बसली.

मी ताट ढकलून दिलं.

"तुझ्यामुळे झालंय हे," मी म्हणाले. "तूच मला असं करून ठेवलंयस. माणसासारखी वाढवायची सोडून म्हशीसारखी वाढवलीस."

आई म्हणाली, "अगो, पण पुस्तकात..."

मी फळीवरून ते पुस्तक ओढलं. ते आपोआप तिथेच उघडलं. मी ते पान फाडलं आणि चुलीत टाकलं. आई उठली नाही. तिने फक्त हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. पान पेटून काळं झालं, वर आलं आणि पुन्हा खाली बसलं. मग तिने सांडलेलं लोणी फडक्याने पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने गवळ्याचं दूध निम्मं केलं. मी जेवायला बसले की ती समोर बसेना, काहीतरी काम काढून बाहेर जाई. पुस्तक फळीवर होतं, पण तिने ते पुन्हा उघडलेलं मी पाहिलं नाही. मी उपास करू लागले. दोन वर्षांत उतरले थोडीशी. शाळेत मला पिंपच म्हणत राहिले.

मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षाला असताना आईला खोकला लागला. आधी आम्ही दुर्लक्ष केलं. मग ताप उतरेना, म्हणून वडील तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. क्षय निघाला, फार पुढे गेलेला. डॉक्टरांनी सुया दिल्या आणि म्हणाले, "दूध, लोणी, अंडी, जेवढं जाईल तेवढं द्या."

मग मी घुसळायला बसले. मला येत नव्हतं. ताक अंगावर उडायचं, लोणी धरायचं नाही. अंथरुणावरून आई सांगायची, "थंड पाणी घाल... आता हळू." पहिला गोळा निघाला तो मी मऊ भातात कालवून तिला भरवला. तिने माझ्यासाठी चार घास खाल्ले आणि लगेच सगळं बाहेर आलं. मी तिचं तोंड पुसत होते, तेव्हा मला राहवलं नाही.

"आई, मी ते पान जाळायला नको होतं."

"जाऊ दे," ती म्हणाली. "पाठ होतं मला. जळल्यावरसुद्धा राखेत अक्षरं दिसत होती, तेव्हा शेवटचं वाचून घेतलं."

मी रडू लागले. तिने माझा दंड धरला. तिच्या बोटांत जोर उरला नव्हता.

"तुझी बहीण शेवटी शेवटी उचलली ना, की हातात काही घेतल्यासारखं वाटायचं नाही गो," ती म्हणाली. "ओढणी उचलावी तशी. तू झालीस, आणि तुला कडेवर घेतलं की माझी कंबर दुखायची. मला इतकं बरं वाटायचं! चार घरं फिरवून आणायची मी तुला. पोरीला कोण काय बोलत असेल, ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

मग तिने मला विचारलं, "पोरी खूप बोलायच्या का गं तुला शाळेत?"

तेव्हा मी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. बाक, नकाशा, कल्याणचं यंत्र. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मी असते तिथे, तर त्या पोरीच्या दोन थोबाडीत दिल्या असत्या." आणि तिला खोकल्याची उबळ आली.

माझी परीक्षा संपल्यावर आठवड्याने आई गेली. तिरडी उचलायला चार माणसं होती, पण दोघंच पुरली असती, असं वडील नंतर म्हणाले.

जूनच्या शेवटी निकाल लागला. मी पास झाले होते, चित्रकलेत वर्गात पहिली. वडील कारखान्यात पाळीवर होते, चाळीतली दारं दुपारची लोटलेली होती. कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून मी बदलापूरची गाडी पकडली आणि तिथून खरवईला दिलेल्या आत्याकडे चालत गेले. ती शेतात वाकून भाताची रोपं, आवण, लावत होती. मी बांधावरून ओरडून सांगितलं. तिला नीट ऐकू गेलं नाही. चिखलाचे हात कपाळाशी धरून तिने विचारलं, "काय म्हणतेस? कोण पास झालं?"

"मी," मी म्हणाले.