सवत नको, सासू हवी

तुशी गवताळ मैदानातल्या भटक्या लोकांची, लान कुळातली. हूयान, लान आणि शूबू ही खुद्द राजघराण्याला मुली देणारी कुळं, त्यामुळे लान म्हटलं की लोक घोड्यावरून उतरून बोलत. उतरल्यावर तुशीच्या माहेरचा ठिगळांचा तंबू दिसला की पुन्हा चढत. तिच्या भावाकडे, दोतानकडे, कुळाचं नाव सोडलं तर थोड्या लंगड्या मेंढ्या तेवढ्या होत्या. पण ऐट अशी, की राजाचा मेहुणा हाच.

तिला दिली शूबूंच्या हुलूला. तोही मोठ्या कुळातला बारीकसा माणूस, पण स्वभावानं मऊ. बायको दमलेली दिसली की मुकाट्यानं उठून दूध घुसळायला बसायचा. घरात सासू-सासरे नव्हते. होता तो एक धाकटा दीर, चिगू, सदा नाक गळणारा. तुशीनं त्याचं नाक पुसलं, उवा काढल्या, घोड्याची सवय व्हावी म्हणून आधी मेंढीवर बसवलं, तापात मांडीवर घेऊन निजवलं. दिवसभर त्याचं "वहिनी, वहिनी" चालायचं. तिला स्वतःचा मुलगा झाला, मग मुलगी झाली, तरी पहिलं पोर म्हणजे चिगूच.

एका थंडीत ओर्खोन नदीचं बर्फ फुटलं आणि हुलू घोड्यासकट आत गेला.

आता रीत अशी, की नवरा गेला की बाई दिराची. तंबू, मुलं, गुरं घरातल्या घरात राहतात, रीत वाईट नाही. पण दिरानं नको म्हटलं तर बाई माहेरी जाते आणि मुलं इथंच राहतात, कारण मुलं बापाच्या कुळाची. रडायला आलेला दोतान डोळे पुसता पुसताच म्हणाला, "एक म्हातारा सरदार लानांची बायको शोधतोय. घोड्यांचा कळप देतोय. तू काळजी करू नकोस." तुशीची मुलगी अजून अंगावर पीत होती.

चिगूला तेव्हा नुकत्या मिशा फुटल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "मी बांधतो घोडा." आणि संध्याकाळी सगळ्या वस्तीदेखत त्यानं आपला घोडा तिच्या तंबूपुढे बांधला. झालं लग्न. दोतान पाय आपटत गेला.

रात्री चिगूनं आपला नमदा, लोकरीचं जाड अंथरूण, उचलला आणि मुलांच्या पलीकडे, तोंड फिरवून झोपला. तिनंही काही विचारलं नाही. मांडीवर वाढवलेल्या पोराला नवरा कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. पण त्या दिवसापासून त्याची 'वहिनी' गेली ती गेलीच. दुसरी हाक त्याला सापडेना, म्हणून बिचारा हाकच मारीना. तिच्याकडे बघायचाही नाही.

अशी दोन वर्षं गेली. पुढच्या शरदात, घोडे चरून पुष्ट झाल्यावर भरतो त्या मोठ्या मेळ्यात, चिगूनं हूयानांची यिदा बघितली आणि त्याचं जेवण सुटलं. हाडावरचं मांस तसंच ठेवून उठायचा. तुशीनं दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी मेंढीच्या शेपटीची चरबी आणि चक्का बांधून घेतला आणि निघाली. दुसरी बायको मागायची तर पहिलीनं जायचं असतं.

यिदाची आई कुबेई देहानं भक्कम आणि जिभेनं त्याहून भक्कम. घोडीच्या आंबट दुधाचा वाडगा पुढे सरकवत ती म्हणाली, "लानांची तू? एवढ्या कुळातली असून सवत मागायला आलीस, कौतुक आहे. माणूस कसा आहे?"

"गुणी आहे. कधी आवाज चढवत नाही."

"ते बैलही चढवत नाहीत. त्याच्यापासून मुलं किती?"

"मुलं हुलूची आहेत."

"ते मला माहीत आहे. मी ह्याच्यापासून विचारलं." कुबेईनं डोळे बारीक केले. "दोन वर्षांत एकही नाही? तुझी तर दोन बाळंतपणं झालेली. म्हणजे खोट त्याच्यात. ऊठ बाई, माझी लेक काही आम्हाला जड झालेली नाही."

तुशी वाडग्याकडे बघत राहिली. गप्प बसावं तर पोराची बदनामी मेळाभर होणार. बोलावं तर दोतानचा तंबू हाकेच्या अंतरावर, आणि घोड्याच्या आड लपलेलं सगळं उघडं. मुलं जाणार.

"खोट नाही त्याच्यात," ती म्हणाली. "तो कधी माझ्या अंथरुणात आलाच नाही. मी वाढवलंय त्याला. माझी पोरं माझ्यापासून तुटू नयेत म्हणून त्यानं घोडा बांधला."

कुबेईनं तिचा वाडगा पुन्हा काठोकाठ भरला. म्हणाली, "असा मुलगा असेल तर देते. पण माझ्या लेकीला सवत नको, सासू हवी. लग्नात सासूच्या आसनावर तू बस. घरच्या आईला कुठला भाऊ ओढून नेतो, बघते मी. मुलं तुझ्याजवळ राहतील."

"बसते."

"अगं, नीट ऐक. त्या आसनावर बसलेली बाई पुन्हा कुणाची बायको होत नाही. तीस तरी आहेस का तू?"

तुशीला तिचं वय माहीत नव्हतं. "बसते म्हटलं ना," ती म्हणाली.

लग्नाला तीनही कुळं जमली. तुशी सासूच्या पांढऱ्या नमद्यावर बसली, आणि दोतान सगळ्यांपुढे ओरडला, "म्हणजे ही त्याची बायको नव्हतीच. चल, ऊठ."

"नावाची बायको होते तोवर नेता आलं असतं, दादा," तुशी म्हणाली. "आता कुणाची तरी सासू आहे मी. बस, मांस गरम आहे." हूयान खो खो हसले. दोतान बसला आणि जेवलाही पोटभर.

चिगू यिदाला घेऊन पाया पडायला आला. दोन वर्षांनी त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं. "वहिनी," एवढंच म्हणाला. तुशीनं दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, मुलीला कडेवरून उतरवून यिदाकडे दिलं, आणि आणखी दूध आणते म्हणून बाहेर गेली.

तंबूमागे घोडे बांधले होते. त्यांच्यात उभी राहून ती हुलूसाठी रडली. तो गेला तेव्हा मुलांच्या धास्तीनं रडायचं राहूनच गेलं होतं, आणि नंतर दोन वर्षं, घोडा कुणाचाही असो, मनातून ती हुलूची बायको म्हणूनच वागत आली होती. आता तेही उरलं नव्हतं. आतून कुणीतरी सासूबाई कुठे गेल्या म्हणून विचारलं, तेव्हा ते आपल्याबद्दलच विचारताहेत हे तिला कळायला थोडा वेळ लागला.