हर्पीसचा पहिला रिपोर्ट

लातूरमध्ये क्लासेसची चलती होती तेव्हा मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. संसर्ग झाला की रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, आधी आयजीएम, मागाहून आयजीजी. आयजीएम म्हणजे ताजं, आयजीजी म्हणजे जुनं. हे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक बरोबर. जास्त विचार करत बसणाऱ्या पोरांवर मी खेकसायचे.

नवरा किनवटला वसतिगृहाचा अधीक्षक होता. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे परत जायचा. माझा दुसऱ्यांदा गर्भपात झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांची 'टॉर्च' तपासणी लिहून दिली. आमच्याकडे मूल पडलं की ही तपासणी ठरलेलीच असते. रिपोर्टात एका ओळीला पेनानं गोल केला होता: हर्पीस, आयजीएम पॉझिटिव्ह. हर्पीस कुठला, ओठावरचा की शरीरसंबंधातून होणारा खालचा, हे त्या कागदावर नव्हतंच. मीही कुणाला विचारलं नाही, कारण मला उत्तर येत होतं.

शनिवारी तो आला. चप्पल काढायच्या आतच मी कागद पुढे केला.

"ताजा आहे. मी तर कुठं गेले नाही."

"मीबी न्हाई गेलो. तुझी शपथ."

"मग काय हवेतून आला?"

मी रडले नाही. लहानपणी भूकंपात आमचं घर बसलं आणि आई गेली, तेव्हाही रडले नव्हते. पोरगी दगड झाली, असं बाया म्हणाल्या होत्या. पुन्हा तसंच झालं. शनिवारी येत जाऊ नका, एवढंच त्याला सांगितलं आणि सोमवारी बॅच घेतली. मूल गेल्याचंही मला धड काही वाटत नव्हतं. त्याचा फोन आला की मी "क्लास आहे" म्हणून ठेवून द्यायचे.

चार महिन्यांनी त्याची चिठ्ठी आली. नांदेडला रक्ततपासणीचे एक जुने डॉक्टरसाहेब आहेत, एकदाच ये, मग हवं ते कर. मी गेले. तोही आला होता. आम्ही बाकावर मधे एक जागा सोडून बसलो.

डॉक्टरसाहेबांनी माझा रिपोर्ट लांब धरून वाचला. "बाई, हर्पीसचा आयजीएम लई बेभरवशाचा. जुनं दुखणं उठलं तरी पॉझिटिव्ह येतो, दुसऱ्याच विषाणूला बघूनबी येतो. एक नंबर म्हंजे ओठावरचा कोणता, दोन नंबर म्हंजे खालचा कोणता, हे त्याला कळत न्हाई."

"पण पुस्तकात तर..."

"पुस्तक गलत न्हाई. ह्या आजाराला तो नियम धरता येत न्हाई, येवढंच." दोन्ही प्रकारांची आयजीजी वेगवेगळी करू, असं ते म्हणाले. नवा संसर्ग असला तर तीही दिसायला तीन-चार महिने लागतात, आमचे तेवढे झाले होते. "अन् आकडा काठावरचा आला तर मी तोबी मानणार न्हाई. दुसऱ्या पद्धतीनं फिरून करावं लागंल."

त्यांनी दोघांचंही रक्त घेतलं. आठवड्यानं पुन्हा गेलो. दोन नंबरचा हर्पीस दोघांतही नव्हता. माझ्यात एक नंबरचा होता, आकडाही चांगला मोठा.

"लहानपणी ओठावर फोड यायचे का?"

यायचे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सगळी पोरं एकाच पेल्यानं पाणी प्यायचो.

"तर तवाचाच असंल. घरोघरी हाय हा. अन् मूल का पडलं, हे ह्या कागदातून कळत न्हाई. त्याचा संबंध लावत बसू नका."

बाहेर उन्हात आलो. आपल्याला हलकं वाटायला हवं, असं मी स्वतःला सांगत होते, पण काहीच वाटत नव्हतं. "माझी चूक झाली," मी म्हणाले. पाठ म्हणून दाखवल्यासारखा माझा आवाज मलाच ऐकू आला.

तो थांबला. "चार महिने मी सांगून राहिलो, तवा पटलं न्हाई. आता कागदानं सांगितलं म्हणून पटलं का?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायचं मला सुचलंही नाही.

त्यानं मान हलवली आणि स्टेशनला जाणाऱ्या रिक्षाला हात करून एकटाच बसला.