नाका मला, नदी भावजींना

मैत्रिणींनो, आज जीव लई जळून राहिलाय.

माझं माहेर देगलूरपासून जवळच, पण सीमेपलीकडं तेलंगणात. कोरोना सुरू झाल्यापासून आईला भेटले न्हाई. आज तिच्यासाठी डबा घेऊन नाक्यावर गेले. पोलीस म्हणाला, "ताई, पास न्हाई तर मागं फिरा. रोग पसरतो." डबा घेऊन तशीच मागं फिरले.

घरी आले तर भावजी, म्हणजे माझे दीर, ओट्यावर डुलत बसलेले. यंदा सीमेवरची नदी कोरडी हाय. तिच्यातून ते रोज पलीकडं शिंदी प्यायला जातात. मला म्हणाले, "वहिनी, आज तुमच्या आईनं पाणी पाजलं. तुमचीच वाट बघून राहिल्या."

एवढा हेवा मला जावेच्या सोन्याच्या पाटल्यांचाही कधी वाटला न्हाई!

उद्या आपणही नदीतूनच जायचं, असं ठरवत होते, तेवढ्यात भावजी खोकले.

सांगा बायांनो, नाक्यानं अडवलं कुणाला? एकट्या मलाच ना?